पद्मिनीची किल्ली लेकीच्या हातात द्यावी का?

फियाटवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो.

आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी पैसे भरून नंबर लावला होता आणि गाडी दारात यायला काही वर्षं गेली. क्रीम रंग, स्टिअरिंगचा गिअर, पुढे लांबलचक बेंच सीट, जुन्या तीन अक्षरी सिरीजचा नंबर. बाबा २०१४ साली गेले. गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. मग मी हात घातला आणि त्यात दीड वर्ष गेलं. फ्लोअरचा पत्रा, वायरिंग, इंजिनचं बोअरिंग, सगळं करून घेतलं. आता महिन्यातून दोन रविवारी पहाटे बाहेर काढतो.

लेक गेल्या महिन्यात अठराची झाली. लर्निंग लायसन घरबसल्या काढलंय. घरात ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे, पण तिला शिकायचंय ते पद्मिनीवर. "आजोबांची गाडी मी नाही चालवणार तर कोण चालवणार?" म्हणते. बायको म्हणते, दे. आई म्हणते, गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीला काही झालं तर? मला दोन्ही गोष्टींची भीती वाटते. त्यातली आधी कुठली वाटते हे परवा रात्री स्वतःला विचारलं, तर उत्तर पटकन आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत आणि मुलं मोठी होताहेत, त्यांनी काय केलंत?

तर्रीबाज
द्या हो. गाडी चालवायला असते. एक नवी क्लच प्लेट मात्र आणून ठेवा, लागणारच.

अ‍ॅड_मुग्धा
आधी कायद्याचं सांगून घेते, कारण अशा चर्चेत कोणीतरी "आम्ही तर चौदाव्या वर्षी..." सुरू करतंच.

तुमची मुलगी १८ ची आहे आणि लर्निंग लायसन आहे, त्यामुळे तुम्ही योग्य बाजूला आहात. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवा आणि त्याला गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे जादा पेडल असतात, तुमच्याकडे नसणार. हँडब्रेकपर्यंत डावीकडून तुमचा हात पोचतो का, हे उभ्या गाडीत आधी बघा.

ज्यांची मुलं अठराच्या आतली आहेत त्यांच्यासाठी: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. जुन्या गाडीवाल्यांनी रजिस्ट्रेशनचा मुद्दा दोनदा वाचावा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला तुम्ही किती खेटे घालता ते तुम्हालाच माहीत.

जीपवाला_कोल्हापूर
मुग्धाताई, एक शंका. स्वतःच्या शेतात चालवली तर?

अ‍ॅड_मुग्धा
वयाची अट "सार्वजनिक ठिकाणी" गाडी चालवण्याला आहे. चारी बाजूंनी कुंपण असलेलं, लोकांची ये-जा नसलेलं तुमचं शेत त्यात सहसा येत नाही. पण शेतातला रस्ता शेजारचे लोक वापरत असतील तर गोष्ट बदलते. सोसायटीच्या आवारावर तर मी अजिबात विसंबणार नाही. आणि शेतात कोणाला धक्का लागला तर निष्काळजीपणाचा गुन्हा तिथेही लागतो. विमा कंपनी लायसन विचारणार ते वेगळंच.

जीपवाला_कोल्हापूर
धन्यवाद. मग मी केलं ते बरोबरच होतं म्हणायचं.

आमची महिंद्राची सीजे-३बी. दारं नाहीत, तीन गिअर, शेजारी हाय-लोचा आणि फोर-व्हीलचा असे आणखी दोन दांडके. पोरगा दहावीत असताना उसाच्या तोडणीनंतर मोकळ्या रानात शिकवलं. पहिले आठ दिवस इंजिन चालूच करू दिलं नाही. नुसतं बसायचं, क्लच दाबायचा, डोळे मिटून गिअर कुठं आहे सांगायचं. मग लो गिअरमध्ये रानात गोल. लोमध्ये गाडी माणसाच्या चालीनं जाते, चुकलं तरी इंजिन बंद पडतं, एवढंच.

खरी मजा डबल क्लचला. ह्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर आपोआप जुळवून घेणारी सोय, नाही. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून थोडी रेस, पुन्हा दाबून गिअर. पोराला तीन दिवस जमेना, नुसता करकर आवाज. प्रत्येक आवाजाला माझ्या पोटात गोळा यायचा. चौथ्या दिवशी लोण्यातनं सुरी जावी तसा गिअर पडला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यापुढं गिअरबॉक्सची किंमत काहीच नाही राव.

रस्त्यावर मात्र अठरा पूर्ण झाल्यावरच. त्यात एक दिवस इकडं-तिकडं केला नाही.

मुंबैकर७४
मी एकटा विरोधात दिसतोय, तरी लिहितो. देऊ नका. निदान शिकायला तरी नाही.

माझ्याकडेही पद्मिनी होती, दहा वर्षं रोज चालवली, म्हणून सांगतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यात बूस्टर नाही. नव्या गाडीत पायाचा अंगठा टेकवला तरी गाडी थांबते, इथे अख्खी मांडी लावावी लागते. एबीएस नाही, एअरबॅग नाही. १९८६ च्या गाडीला सीटचे पट्टे तरी आहेत का? समोर १०८९ सीसीचं इंजिन आणि छातीसमोर स्टिअरिंगचा लोखंडी दांडा, जो धडकेत आत दुमडत नाही. आपण हे सगळं "कॅरॅक्टर" म्हणून मिरवतो, पण शिकाऊ माणसाच्या हातून चूक होणारच, आणि ही गाडी चुकीला माफी देणारी नाही.

शिवाय आजूबाजूची वाहतूक १९८६ ची राहिलेली नाही. तुमच्या पुढची गाडी जेवढ्या अंतरात थांबेल तेवढ्यात तुमची थांबणार नाही. मुलीला आधी नव्या गाडीवर शिकवा, वर्षभर रस्ता कळू दे. पद्मिनी कुठे पळून चालली आहे?

घाटमाथा
मुंबैकर, ब्रेकचं शंभर टक्के मान्य. खंबाटकी उतरताना पद्मिनीच्या ब्रेकचा वास मी घेतलाय. तेव्हा शेजारी वडील होते. "ब्रेकवरचा पाय काढ, दुसरा टाक" एवढंच म्हणाले. इंजिनवर गाडी रोखायची हे मी तिथे शिकलो आणि आजही घाटात माझा पाय ब्रेकवर नसतो.

म्हणून तुमचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. वर्षभर ऑटोमॅटिक चालवलेलं मूल पद्मिनीत बसलं की त्याचा पाय नव्या ब्रेकच्या हिशेबाने पडणार. ज्याने पहिला ब्रेकच जड मारलाय तो आपोआप अंतर ठेवून चालवतो.

मुंबैकर७४
अंतर ठेवून चालवायचं म्हटलं तर पुण्यात त्या अंतरात तीन रिक्षा आणि एक पाणीपुरीची गाडी शिरते.

घाटमाथा
हे मात्र खरं :)

हेराल्डवाली
एरवी फक्त वाचते, आज राहवलं नाही.

आमचं सांगलीचं घर. वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासमध्ये बनलेली, आकाशी रंगाची. बॉनेट पंखांसकट पुढे उघडायचं, अख्खं इंजिन समोर. लहानपणी मी त्या उघड्या चाकावर बसून वडिलांना पाने द्यायचे. "दहा-अकरा दे" म्हटलं की न बघता द्यायचे. प्लगचा गॅप, पॉइंटची सफाई, सगळं पाठ होतं मला. दादाला त्यात काडीचा रस नव्हता.

दादा सोळाचा झाला आणि वडिलांनी त्याच्या हातात किल्ली दिली. मी एकवीसची झाले, नोकरीला लागले, लायसन काढलं, तरी मला नाही दिली. "तुला कशाला? लग्नानंतर तिकडची चालव." रागाने नव्हते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच भांडताही आलं नाही.

ते गेले तेव्हा गाडी अंगणात चार वर्षं उभी होती. दादाने भंगारवाला बोलावला. मी सासरहून गेले आणि टेम्पोत घालून घेऊन आले. खाली चेसिस वेगळी असते म्हणून वाचली, वरचा पत्रा तर चाळणी झाला होता. तीन वर्षांनी सुरू झाली. पहिल्यांदा चालवली तेव्हा मी ४३ वर्षांची होते, आणि शेजारची सीट रिकामी होती.

फियाटवाला, तुमची मुलगी मागतेय. वडील शेजारी बसलेले असताना मागतेय. एवढंच.

फियाटवाला
ताई, हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि शेवटच्या दोन ओळी तिलाच वाचायला लागल्या.

पणजीकर
हेराल्डवाली, नमस्कार तुम्हाला. एक काळजी घ्या, तुमच्याकडे कोणी मुलं शिकणार असतील तर. हेराल्ड रिक्षासारखी जागेवर वळते, पण मागचा अ‍ॅक्सल स्विंगवाला आहे. वळणात वेगाने शिरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. माझ्या मामाने भातशेतीत उतरवली होती, तेव्हा कळलं.

हेराल्डवाली
माहीत आहे. भाचीला मी पहिलं वाक्य हेच शिकवलं. भाची म्हणजे दादाचीच मुलगी.

डोंबिवलीफास्ट९९
एवढं काय त्यात? मी स्वतः तेरा-चौदाचा असताना काकांची डुक्कर फियाट गावात सर्रास चालवायचो. उशी घेऊन बसायचो. काही झालं नाही. उगाच पोरांना काचेच्या बरणीत ठेवतात हल्ली.

सोलापूरची_डॉक्टर
"काही झालं नाही" हे सांगायला जे उरतात तेच सांगतात.

मी हाडांच्या विभागात काम करते. गणपतीत, मे महिन्यात आणि निकालाच्या दिवशी आमच्याकडे मुलं येतात. चौदा, पंधरा, सोळा. बहुतेक दुचाकीवरची, काही चारचाकीतली. बाहेर बाकावर त्यांचे वडील बसलेले असतात. त्यातल्या कित्येकांच्या हातात अजून किल्ली असते. ती कुठे ठेवायची हे त्यांना सुचलेलं नसतं. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला दोघांचा जीव गेला, सतरा वर्षांच्या मुलावर ठपका आला, तेव्हा देशभर बोललं गेलं. आमच्याकडे येणाऱ्यांची बातमीही होत नाही.

तुम्ही उशीवर बसून गावात फिरलात तेव्हा त्या रस्त्यावर दिवसाला चार गाड्या असतील. आज त्याच रस्त्यावर डंपर आहेत. राग मानू नका, पण तुमचं वाचून कोणी उद्या नववीतल्या मुलाला किल्ली देईल म्हणून लिहिलं.

डोंबिवलीफास्ट९९
राग नाही डॉक्टर. माझाही मुलगा नववीत आहे आणि परवाच मागत होता. तुमचा प्रतिसाद त्याला दाखवला.

इतिहासप्रेमी
डुक्कर फियाट! किती वर्षांनी हा शब्द वाचला. नवीन मंडळींसाठी: पन्नाशीच्या दशकात आलेली ती गोल पाठीची फियाट ११००, पुढची दारं उलटी उघडणारी. त्यानंतर साठीच्या दशकात चौकोनी डिलाइट आली, तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. सगळं कुर्ल्याच्या कारखान्यातलं. नाव चित्तोडच्या राणीवरून.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली, तेव्हा मी मुद्दाम जाऊन एकीला हात लावून आलो होतो.

गॅरेजचा_पोरगा
टॅक्सी बंद झाल्या त्याचा आम्हाला फटका असा की सुटे भाग आटले. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्यात सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत काहीही मागा, दुकानदार न उठता हात मागे घालून द्यायचा. आता वॉटर पंप किट मिळतं, ब्रेक शू मिळतात, पण काचेची रबरं, टेललाइटच्या काचा, हँडल म्हणजे नशीब.

मूळ प्रश्नावर. वडिलांचं गॅरेज होतं, मी पण तेच करतो. आमच्याकडे जुन्या गाडीवाल्यांची पोरं येतात, त्यात दोन प्रकार. एक, ज्यांना फक्त चालवायला मिळाली. दोन, ज्यांना आधी गाडीखाली झोपायला मिळालं. पहिल्या प्रकारच्या पोराच्या हातात गाडी गरम झाली तरी तो काटा बघत नाही, पुढे जात राहतो, आणि हेड गॅस्केट माझ्याकडे येतं. दुसऱ्या प्रकारचं पोर वास आला की थांबतं.

तेव्हा किल्ली द्यायच्या आधी मुलीकडून एवढं करून घ्या. चाक बदलणं, फॅन बेल्टचा ताण बघणं, ऑइल-पाणी, ब्रेक ऑइलची पातळी, ब्रेक अ‍ॅडजस्ट करताना शेजारी उभं राहणं. पॉइंट काढून साफ करून बसवणं. चोक कधी ओढायचा आणि मुख्य म्हणजे कधी आत ढकलायचा. उन्हाळ्यात इंजिनला पेट्रोल देणाऱ्या पंपावर ओलं फडकं. आणि स्टिअरिंगच्या गिअरचा नेहमीचा घोळ: बुश झिजले की लिंकेज दोन गिअरच्या मध्ये अडकतं आणि दांडा हलेनासा होतो. बॉनेट उघडून खालचे दोन लिव्हर हाताने सरळ रेषेत आणले की सुटतं. दोन मिनिटांचं काम, पण माहीत नसेल तर भर चौकात रडू येतं. हे तिला आधी घरी अडकवून दाखवा.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. हे दारावर लिहून ठेवा.

बॅकबेंचर१९
मी १९ चा आहे, म्हणजे तुमच्या मुलीच्या बाजूचा. लिहू का?

माझ्या बाबांची १९७० च्या दशकातली अ‍ॅम्बेसेडर आहे. मागच्या दिवाळीत रिव्हर्स घेताना मी तिचा मागचा कोपरा गेटच्या खांबावर घातला. आवाज ऐकून बाबा बाहेर आले. मी गाडीतून उतरलोच नाही, उतरायची हिंमत नव्हती. ते आधी माझ्या दारापाशी आले, मग मागे गेले. वाकून बघितलं, हात फिरवला. म्हणाले, "हा बाक आहे ना, ह्याच्या खाली १९९१ चा एक बाक आहे. माझा. आजोबांनी पुटी भरून घेतली होती."

दुसऱ्या दिवशी डेंटरकडे दोघं गेलो. पैसे माझ्या ट्यूशनच्या कमाईतून कापले, महिन्याला थोडे थोडे. ते मला बरोबर वाटलं. त्यांनी ओरडून किल्ली काढून घेतली असती तर मी परत कधी त्या गाडीत बसलो नसतो, हे नक्की.

काका, एकच सांगतो. ती चालवत असताना सारखं "हळू, हळू" म्हणू नका. आणि पाय दाबू नका. तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये, आम्हाला ते दिसतं आणि हात थरथरतात.

तर्रीबाज
बॅकबेंचर, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. मस्त माणूस.

लीड्सचा_देशपांडे
इकडचं थोडं सांगतो. इंग्लंडमध्ये सतराव्या वर्षी शिकाऊ परवान्यावर गाडी चालवता येते, शेजारी किमान २१ वर्षांचा आणि तीन वर्षं लायसन असलेला माणूस हवा. माझ्याकडे १९६७ ची मॉरिस मायनर आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ता कर माफ, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तपासणी मी तरी दरवर्षी करून घेतो, मुलगा चालवणार म्हणून तर नक्कीच.

अडचण विम्याची. जुन्या गाड्यांचा विमा देणाऱ्या तीन ठिकाणी विचारलं, तिघांनीही सतरा वर्षांच्या मुलाचं नाव घालायला नकार दिला. चौथ्याने घातलं, पण मी सोबत असण्याच्या अटीवर. सोलापूरच्या डॉक्टरांनी जे लिहिलं तेच हे लोक आकड्यांत मांडतात, असं मला वाटतं.

मायनर शिकायला फार गोड गाडी आहे, हे मात्र खरं. हळू आहे, काचा मोठ्या, चारी कोपरे दिसतात. आपल्याकडची 'बेबी हिंदुस्तान' म्हणजे हीच. माझ्या आजोबांनी कोलकात्यात नोकरीला असताना ती चालवली होती आणि मी ते माझ्या मुलाला यॉर्कशरमध्ये सांगतो, तेव्हा कुठेतरी बरं वाटतं.

इतिहासप्रेमी
देशपांडे, अ‍ॅम्बेसेडरही मॉरिसच्याच घरातली, ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून घेतलेली. म्हणजे तुमची मायनर बॅकबेंचरच्या गाडीची चुलत बहीण.

आता कायद्याचा विषय निघालाच आहे तर: २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आली. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर, शुल्क २०,०००, मुदत दहा वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे त्यावर मुलांना शिकवणं बादच. फियाटवाला, तुमची १९८६ ची, पन्नास व्हायला २०३६ उजाडेल. तोवर लेक तिशीच्या घरात. आत्ताच चालवू दे.

मुंबैकर७४
घाटमाथा, गॅरेजचा_पोरगा आणि हेराल्डवाली यांचं वाचून मी थोडा मागे येतो. पण पट्ट्यांचं काय, यावर कोणी बोललं नाही. पट्टा नसलेल्या गाडीत शिकाऊ मुलगी बसवायला मी अजूनही तयार नाही.

गॅरेजचा_पोरगा
बरोबर मुद्दा, माझाच राहिला. पट्टे बसवता येतात. नुसता पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही, झटक्याने पत्रा फाटून बोल्ट वर येतो. फ्लोअरखाली आणि दाराच्या मधल्या खांबाला जाड पट्टी वेल्ड करून त्यात नट घ्यायचा. फ्लोअर नवीन केलाय म्हणताय, म्हणजे पकड चांगली मिळेल. पुढे दोन तीन-टोकी पट्टे. मूळपणा गेला म्हणून कोणी नावं ठेवली तर ठेवू द्या. सोबत चांगले टायर टाका. जुन्या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून कडक होतात, आणि वरून छान दिसतात म्हणून कोणी बदलत नाही. बाजूवर बनावटीचा आठवडा-वर्ष लिहिलेलं असतं, बघा.

फियाटवाला
सगळ्यांचे आभार. टायर बघितले. मी "नवीनच आहेत" म्हणत होतो ते आठ वर्षांचे निघाले. आज चारही टाकले. पट्ट्यांचं काम शनिवारी.

मुंबैकर, तुम्ही विरोधात लिहिलंत म्हणून हे दोन्ही झालं. मनापासून धन्यवाद.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. बाबांची एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. गाडी आली त्या दिवसापासून प्रत्येक वेळचं पेट्रोल, किलोमीटर, ऑइल, पंक्चर, कुठे गेलो, सगळं त्यात आहे. "जेजुरी. सहा जण. घाटात गरम, १५ मिनिटे थांबलो." अशा नोंदी. शेवटची २०१३ ची. गाडी सुरू झाल्यावर मी त्यात कधी लिहिलं नाही. माझं अक्षर त्यात उतरवायची हिंमत झाली नाही. मी वेगळी वही केली.

लेक सध्या रोज संध्याकाळी ती वाचतेय. काल विचारत होती, "बाबा, १९९४ मध्ये एका महिन्यात चार वेळा क्लच केबल? तुम्ही शिकत होता का?" शिकत होतो.

हेराल्डवाली
:)

जीपवाला_कोल्हापूर
चार केबल म्हणजे तुमच्या वडिलांचं काळीज मोठं होतं.

फियाटवाला
(दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

पट्टे बसले. महिनाभर तिने गाडीला हात लावला तो फक्त पाना घेऊन. पॉइंट दोनदा उलटे बसवले, तिसऱ्यांदा नीट. ड्रायव्हिंग स्कूलचे पंधरा दिवसही केले, कारण रस्त्यावरचे नियम माझ्यापेक्षा ते बरे शिकवतील असं वाटलं. मग सासवडच्या बाजूला मित्राच्या कुंपणाच्या जागेत तीन रविवार, आणि परवा पहिल्यांदा रस्त्यावर. पहाटे सहा, पुढे-मागे 'एल', मी डावीकडे. बॅकबेंचरने सांगितलं होतं म्हणून पाय मांडी घालून वर घेतले. बेंच सीटचा हा एक फायदा.

कर्वे पुतळ्यापर्यंत नीट गेलो. सिग्नलला दुसऱ्यावरून पहिल्यात टाकताना गिअर अडकला. अगदी गॅरेजच्या_पोराने लिहिला होता तसाच. मागे एक पीएमटी. मी दार उघडायला हात घातला तर म्हणाली, "बसा तुम्ही." हॅजर्ड लाइट नाहीत ह्या गाडीला, म्हणून मला मागे जाऊन हात दाखवायला पाठवलं. बॉनेट उघडलं, काय केलं ते मला मागून दिसलं नाही, आणि बॉनेट आपटल्याचा आवाज आला. बसचा ड्रायव्हर सगळं बघत होता. एकदाही हॉर्न वाजवला नाही त्याने. जाताना म्हणाला, "आमच्या मालकाची टॅक्सी होती ही."

घरी आल्यावर आईने दृष्ट काढली. आधी मुलीची, मग उरलेल्या मीठ-मोहऱ्यांत गाडीची.

रात्री लाल वही टेबलावर उघडी होती. २०१३ च्या नोंदीखाली एक ओळ सोडून तिने लिहिलंय: "कर्वे पुतळा, परत. दोघं. गिअर एकदा अडकला, सोडवला. बुश बदलायला हवेत."

तर, गॅरेजचा_पोरगा, बुश नाना पेठेत मिळतील का? आणि डाव्या बाजूच्या तिकोनी काचेचं रबरही हवंय. तिने दोन्हीची यादी करून माझ्या हातात दिली आहे.

गॅरेजचा_पोरगा
बुश आहेत माझ्याकडे, जुन्या स्टॉकमधले. रबराचं गुरुवारी विचारून सांगतो. तिलाच पाठवा, बसवायचं कसं ते दाखवतो.

मुंबैकर७४
डाव्या बाजूचं रबर माझ्याकडे एक पडून आहे. गाडी विकली तेव्हा राहून गेलं होतं. पत्ता कळवा, पाठवतो. पैसे नकोत.